पाणबुड्याचे घड्याळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्यासाठी पाचारण केले, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ह्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, शिवकाल, नाट्यसंगीत अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्या मालिकेत 'स्वित्झर्लंडची पाणबुड्यांची घड्याळे' हा विषय पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. आमच्या सौभाग्यवतींच्या तर त्या केव्हाच उंचावल्या आहेत. चिटणीसांनी मात्र "तुम्हांला ज्याची खरी आवड आहे त्यावर बोला" असा आग्रह धरला, आणि सरकारी नोकराला लेखी आदेश मोडण्याची सवय नसते.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचे साधे बी.ए. झालेले, आणि केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे फायली हलविलेले गृहस्थ आहोत. ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते कुतूहलाने नव्हे, तर एका अपराधामुळे. तो अपराध आधी सांगितला म्हणजे पुढचे बोलणे ऐकणे आपणांस सोपे जाईल.

आमच्या वडिलांनी १९६२ साली मुंबईत एक स्विस घड्याळ घेतले. त्या पेढीचे नाव आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण जे पुढे घडले त्यात दोष तिचा नव्हता. पगारातून सात-आठ महिने पैसे बाजूला टाकून घेतलेले ते घड्याळ अण्णा रोज सकाळी आठ वाजता चावी देऊन मनगटावर बांधीत. १९९५ साली आम्ही नोकरीस लागलो तेव्हा त्यांनी ते काढून आमच्या हाती दिले. घड्याळाच्या पाठीवर ते जलरोधक असल्याचे कोरलेले होते. १९९९ साली आमची बदली आंध्रच्या किनाऱ्यावर झाली आणि एका रविवारी, पाठीवरच्या त्या अक्षरांवर भरवसा ठेवून, आम्ही ते हातात असतानाच समुद्रात उतरलो. संध्याकाळी काचेच्या आतून धुके धरलेले दिसले. आम्ही ते उन्हात ठेवले आणि विसरलो. चौथ्या दिवशी काटे थांबले.

रजेवर मुंबईस गेलो असता गिरगावातील एका वृद्ध घड्याळजींनी ते उघडले. आतल्या चक्रांवर तांबूस गंज चढला होता. त्यांनी चिमट्याने पाठीच्या झाकणाखालची एक काळी रबरी कडी उचलली. ती लाखेसारखी कडक होऊन तुटली. "साहेब," ते म्हणाले, "ही कडी सदतीस वर्षांत एकदाही बदललेली नाही. अक्षरं पाणी अडवत नाहीत, ही कडी अडवते." अण्णा पुढे दोन-तीनदा विचारीत, "घड्याळ दिसत नाही हातात?" आम्ही सांगत असू, दुरुस्तीला दिले आहे. २००३ साली अण्णा गेले. खरे सांगावयाचे राहून गेले.

तेव्हापासून त्या काळ्या रबरी कडीने आमचा पाठलाग केला. घड्याळ पाण्यात टिकते म्हणजे नेमके काय होते, ते कोणी घडविले, आणि आज जुन्या रूपात जी नवी स्विस घड्याळे मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात मिळतात त्यांत त्या विद्येचे काय उरले आहे, ह्याचा शोध घेत आम्ही जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पाणी हा घड्याळाचा जुना वैरी. १९२६ साली रोलेक्सने 'ऑयस्टर' नावाची, झाकण आणि चावीची कळ दोन्ही मळसूत्राने घट्ट बसणारी पेटी काढली. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश तरुणी इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली, तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात होते आणि बाहेर आल्यावरही चालू होते. परंतु पृष्ठभागावर पोहणे वेगळे आणि तळाकडे उतरणे वेगळे. पोहणाऱ्याला घड्याळाची सोय असते; तळाशी जाणाऱ्याचा जीव घड्याळावर असतो.

ह्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां ह्यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेवढीच हवा देणारे उपकरण सिद्ध केले आणि माणूस दोरीनळीवाचून पाण्याखाली मोकळा फिरू लागला. समजा, १२ लिटरच्या नळकांड्यात २०० पट दाबाने हवा भरली आहे. म्हणजे २४०० लिटर. माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर जमिनीवर ती दोन तास पुरेल. पण समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. ३० मीटरवर दाब चौपट होतो, प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते, आणि दोन तासांचा अर्धा तास होतो. त्यातही वर येण्यापुरती हवा शिल्लक ठेवावी लागते. शिवाय दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, माणूस फार वेळ खाली राहून घाईने वर आला, तर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याने माणूस पंगू होतो किंवा दगावतो. तळाशी किती मिनिटे झाली हे ठाऊक नसणे म्हणजे आपल्याकडे किती आयुष्य उरले आहे हे ठाऊक नसणे होय.

स्वित्झर्लंडच्या ब्लांपां ह्या जुन्या पेढीचे प्रमुख झाँ-झाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा त्यांना वेळेचे भान राहिले नाही, हवा संपली आणि ते कसेबसे वर आले. त्या प्रसंगातून त्यांनी पाणबुड्यासाठी घड्याळ योजिले. त्याच सुमारास फ्रेंच सैन्यातील पाणबुड्यांच्या नव्या तुकडीचे अधिकारी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही अशाच घड्याळाच्या शोधात होते. काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि भोवती फिरणारे कडे ही त्यांची मागणी. दोघांची गाठ पडली आणि १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ जन्मास आले. 'फॅदम' ह्या मापाला आपल्या कोकणातील दर्यावर्दी 'वाव' म्हणतात. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. म्हणजे त्या घड्याळाचे नाव मराठीत 'पन्नास वाव' असे सांगितले, तर मालवणचा रापणकर ते ताबडतोब समजेल.

ह्या घड्याळात केलेल्या योजना मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत, कारण आजच्या स्वस्त घड्याळातही त्यांचाच अंश आहे. यंत्रणा स्वयंचलित घेतली, ती ऐषारामासाठी नव्हे. चावी देण्यासाठी कळ रोज फिरविली तर तिथली रबरी कडी झिजते. हाताच्या हालचालीने कमान आपोआप गुंडाळली गेली, तर कळीला हात लावावा लागत नाही. कळीलाच दोन रबरी कड्या घातल्या. आणि तबकडीभोवतीचे कडे. पाण्यात उतरताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाची. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवील तेवढी मिनिटे खाली गेली. त्या वेळी हे कडे दाबल्याशिवाय फिरत नसे. पुढे ते एकाच दिशेने, म्हणजे डावीकडे, फिरेल अशी रचना सर्वमान्य झाली. खडकाचा धक्का लागून कडे सरकलेच, तर घड्याळ गेलेला वेळ अधिक दाखवील. कमी कधीच दाखविणार नाही. चूक झालीच, तर ती माणसाला लवकर वर आणणारी व्हावी, ही ह्यामागील दृष्टी. सरकारी नियमावल्या लिहिण्यात आमची हयात गेली, पण चुकीची दिशा आधीच ठरवून ठेवणारा इतका शहाणा नियम आम्ही क्वचितच पाहिला.

श्रोतेहो, ह्या क्षेत्रातील बड्या नावांची कीर्ती आपण ऐकतो. परंतु आमचे मन गुंतले आहे ते धाकट्या पेढ्यांत. १९५० आणि १९६० च्या दशकांत जुरा पर्वताच्या खोऱ्यांतील गावोगावी घड्याळाचा धंदा वाटून घेतलेला होता. कोणी यंत्रणा करी, कोणी तबकड्या, कोणी काटे, कोणी पेट्या. बासकूर गावातील एर्विन पिकरेझ ह्यांच्या कारखान्यात अशी पेटी बने की, पाण्याचा दाब वाढेल तसे पाठीचे झाकण कडीवर अधिक घट्ट बसावे. ती पेटी कितीतरी पेढ्यांनी वापरली. लाँजीनच्या पाणबुड्याच्या घड्याळालाही तीच पेटी होती. एका पेढीने सारा खर्च सोसावा लागत नसल्यामुळे उत्तम घड्याळ शिक्षक, खलाशी, सैनिक ह्यांच्या खिशाला परवडू लागले. झोडियाकने १९५३ मध्ये 'सी वुल्फ' काढले. ग्रेन्खेन गावच्या सर्टिनाने १९५९ मध्ये 'डी.एस.', म्हणजे दुहेरी सुरक्षितता, ह्या नावाची रचना केली; आतली यंत्रणा लवचिक कड्यात बसविल्यामुळे ती धक्काही सोसे. १९६० साली धवलगिरी प्रथम सर करणाऱ्या स्विस मोहिमेतील गिर्यारोहकांच्या हातांवर ती घड्याळे होती. ल लोक्लच्या डॉक्साने न्यूशातेलच्या सरोवरात निरनिराळे रंग पाण्याखाली नेऊन पाहिले आणि १९६७ साली नारिंगी तबकडीचे 'सब ३००' घड्याळ काढले. त्याच्या कड्यावर खोली आणि मिनिटे ह्यांचा ताळा कोरलेला होता. ६० फुटांवर ६० मिनिटे, १०० फुटांवर २५ मिनिटे; एवढ्या वेळात निघालात, तर वाटेत न थांबता वर येता येईल. अमेरिकन नौदलाचे कोष्टकच मनगटावर आणून ठेवले म्हणा ना.

ह्याच धाकट्या पेढ्यांत एक नाव असे आहे की, ते उच्चारताच येथील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटेल. ते म्हणजे फाव्र-ल्युबा. आपल्या बोलण्यातले 'फेवर लुबा'. ल लोक्ल गावात १७३७ साली मूळ धरलेल्या ह्या पेढीने १८६५ पासून हिंदुस्थानशी व्यापार चालविला. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत 'सी किंग' आणि 'सी चीफ' ही घड्याळे लग्नात जावयाला देण्याची वस्तू होती. नावांत समुद्र असला, तरी ती बहुतेक कचेरीच्या मेजापलीकडे गेली नाहीत. मात्र त्याच पेढीने १९६४ साली 'डीप ब्ल्यू' हे खरेखुरे पाणबुड्याचे घड्याळ केले आणि १९६८ साली 'बाथी' हे घड्याळ काढून कमाल केली. त्यात एक पडदा पाण्याच्या दाबाने दबे आणि एक काटा खोली दाखवी, ५० मीटरपर्यंत. मनगटावर वेळ आणि खोली दोन्ही दाखविणारे असे ते यांत्रिक घड्याळ होते.

आणि मग घाव बसला. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीइतकी होती. पण पुढील दहा वर्षांत तेच तंत्र इतके स्वस्त झाले की, महिन्याला काही सेकंदच चुकणारे घड्याळ कोणालाही घेता येऊ लागले. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या घड्याळ-उद्योगात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांतली जेमतेम एक-तृतीयांश उरली. कारखाने बंद पडले, हत्यारे भंगारात गेली, पेढ्यांची नावे विकली गेली. १९८३ साली दोन मोठे समूह एकत्र आले आणि त्याच वर्षी 'स्वॉच' ह्या स्वस्त प्लॅस्टिकच्या घड्याळाने उद्योगाला श्वास मिळवून दिला, तेव्हा कोठे ही विद्या तगली.

हे दुःख आपणांस परके वाटू नये. १९६१ साली सिटिझन ह्या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली. आमच्या पिढीला दहावी उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून तीच मिळाली. २०१६ साली सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळाचा कारखाना बंद होणे म्हणजे काय, हे आपण घरच्यासारखे जाणतो. कारागिराच्या बोटांतली विद्या निवृत्तिवेतनासह घरी जाते, आणि तिची नक्कल कार्यालयात ठेवलेली नसते.

आता आजच्या घड्याळांकडे येऊ. गेल्या वीस वर्षांत स्विस पेढ्यांनी आपली जुनी पाणबुड्यांची घड्याळे त्याच रूपात पुन्हा काढावयास आरंभ केला. लाँजीनचे 'लीजंड डायव्हर' २००७ मध्ये आले, ओरिसचे 'डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह' २०१५ मध्ये, सर्टिनाचे 'डी.एस. पी.एच. २०० एम' २०१८ मध्ये. मिडोने १९६१ चे रंगीबेरंगी कोष्टकाचे घड्याळ २०२० मध्ये पुन्हा काढले. फाव्र-ल्युबा २०११ साली टायटनने घेतली होती. पुढे ती दुसऱ्या भारतीय कंपनीकडे गेली आणि २०२४ मध्ये तिची घड्याळे नव्याने बाजारात आली. बड्या नावाच्या पाणबुडी-घड्याळाच्या किमतीत आज चारचाकी येते. ह्यांतल्या पुष्कळशा घड्याळांच्या किमतीत दुचाकी येते. पगारदाराला ही रक्कम लहान नाही, पण दोन-तीन दिवाळ्यांची बचत केली तर अशक्यही नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जुन्याचे रूप घेतलेली नवी वस्तू हा वारसा म्हणावा, की सोंग? आम्ही ह्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला, कारण दोन्ही बाजूंना पुरावा आहे.

सोंगाचा पुरावा असा. पूर्वी काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. आपण आजही अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'रेडियम' म्हणतो, तो शब्द तेथूनच आला. तो रंग जीवघेणा होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत कुंचला ओठांनी टोकदार करून तबकड्या रंगविणाऱ्या मुलींनी त्याची किंमत प्राणांनी दिली. पुढे ट्रिटियम आले. त्याची शक्ती सुमारे बारा वर्षांत निम्मी होते, म्हणून १९६० च्या घड्याळांतील खुणा आज विझलेल्या असून वयाने पिवळसर झाल्या आहेत. १९९० च्या दशकापासून किरणोत्सर्गी नसलेला नवा रंग वापरात आला. तो मुळात पांढरट-हिरवा असतो. परंतु जुने दिसावे म्हणून काही पेढ्या तो जन्मापासूनच पिवळा रंगवितात. न जगलेल्या वर्षांच्या सुरकुत्या काढाव्यात तसा हा प्रकार. आपल्याकडे ह्याच्या उलट चालते. मुंबईच्या बाजारात जुन्या स्विस यंत्रणांवर भडक रंगांच्या नव्या तबकड्या चढवून 'जुने पण नवेकोरे' म्हणून विकतात. परदेशी संग्राहकांत ह्या घड्याळांना मुंबईचेच नाव पडले आहे, आणि ते गौरवाने घेतलेले नाही. गिरगावच्या घड्याळजींनीही आम्हांला विचारले होते, "तबकडी नवी रंगवून, दुसरी मशीन टाकून देऊ का? वडिलांना कळणारही नाही." आम्ही नको म्हटले. तेवढी एक गोष्ट आम्ही बरोबर केली.

वारशाचा पुरावा असा. पाणबुड्याच्या घड्याळासाठी आय.एस.ओ. ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ पासून आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटर खोलीला टिकले पाहिजे, सांगितलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली त्याची परीक्षा झाली पाहिजे, कडे आपोआप सरकता कामा नये, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. म्हणजे २०० मीटरचे घड्याळ २५० मीटरच्या दाबाला, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे पंचवीस किलो भाराला, उतरावे लागते. १९६० च्या दशकातील मालाला असे सर्वमान्य मानकच नव्हते. 'स्विस मेड' ह्या दोन शब्दांनाही कायद्याचा अर्थ आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे, यंत्रणा स्विस असली पाहिजे, ती पेटीत बसविणे आणि अंतिम तपासणीही तेथेच झाली पाहिजे. ज्या पेढीने जुन्या रूपाबरोबर ही बंधने स्वीकारली, तिने वारसा चालविला असे आम्ही म्हणतो. ह्याच न्यायाने ओरिसचे मूळ 'सिक्स्टी-फाइव्ह' हे केवळ १०० मीटरचे होते. देखणे, पोहण्यास पुरेसे, पण तळाकडे जाणाऱ्याने त्याच्या रूपावर भुलू नये. जुन्याचे रूप घेणे सोपे आहे. जुन्याची जबाबदारी घेतली की मगच वारसा म्हणावयाचा अधिकार येतो.

ज्या श्रोत्यांना असे घड्याळ घ्यावयाचे असेल त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. समुद्रासाठी २०० मीटर लिहिलेले आणि कळ मळसूत्राने बसणारेच घ्यावे. ३० मीटर लिहिलेले घड्याळ हात धुण्यापुरते. ते ३० मीटर खोल नेण्यासाठी नसते. कळ पाण्यात कदापि उघडू नये. खाऱ्या पाण्यातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. दर एक-दोन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी, आणि रबरी कडी बदलावी. कडीचा खर्च घड्याळाच्या किमतीपुढे नगण्य आहे. आणि विकत घेताना गुंतवणूक म्हणून घेऊ नये. ही घड्याळे दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतात. त्यांचे मोल पुनर्विक्रीत नाही. वीस वर्षे मनगटावर राहून त्या मुदतीत दर वेळी शब्द पाळण्यात आहे.

"आता पाणबुड्यांजवळ संगणक असतो, मग घड्याळ कशाला?" असे कोणी विचारील, आणि ते बरोबर आहे. मनगटावरचा छोटा संगणक आता खोली, वेळ, नायट्रोजन सारे मोजतो. आपल्याच शहरात नौदलाची पाणबुड्यांना शिकविणारी शाळा आहे. तेथेही कोणी केवळ घड्याळावर विसंबत नसेल. आमच्या कन्येने २०२२ साली तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात बुडी मारण्याचे शिक्षण घेतले. तिच्यासाठी आम्ही बचतीतून सर्टिनाचे २०० मीटरचे, जुन्या रूपाचे घड्याळ घेतले. एका हाताला संगणक, दुसऱ्याला घड्याळ. आम्ही तिला विचारले, "खरे सांग, ह्याचा उपयोग होतो का?" ती म्हणाली, "बाबा, संगणक आपला आपण सुरू होतो. कडं मात्र मला स्वतः फिरवावं लागतं. ते फिरवताना मी रोज स्वतःला सांगते, किती वाजता परत यायचं आहे." आम्ही एवढी पुस्तके चाळून जे सांगू शकलो नव्हतो ते तिने सांगितले. परतण्याची वेळ उतरण्यापूर्वी स्वतःच्या हाताने ठरविणे, हे ह्या घड्याळाचे खरे काम आहे. संगणक बिघडला तर ते उपयोगी पडेलच. पण न बिघडला तरी ते काम उरतेच.

त्याच दिवशी आम्ही तिला आजोबांच्या घड्याळाची हकिगत सांगितली. जी अण्णांना सांगता आली नाही ती नातीला सांगितली. तिने गंजलेले घड्याळ बराच वेळ हातात धरले आणि विचारले, "ती कडी कितीला मिळते?" आम्ही म्हणालो, तेव्हा दहा-वीस रुपयांना मिळाली असती. ती काही बोलली नाही. पण आता दर वर्षी मे महिन्यात ती स्वतःचे घड्याळ तपासणीस नेते. आम्हांला आठवण करावी लागत नाही.

बंधुभगिनींनो, सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाविषयी एक वाक्य बोलल्याशिवाय बसणे उचित होणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी ह्या परमुलखात ज्यांनी गणपती बसविला, वाचनालयाचे पहिले कपाट आणले, मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढला, त्यांनी पाठीवर अक्षरे कोरून ठेवली आहेत. ती सुंदर आहेत. परंतु अक्षरे पाणी अडवीत नाहीत. यंदा रविवारच्या वर्गाला सात मुले येतात, हे चिटणीसांनी अहवालात लिहिले आहे. ढोल-ताशा, फेटे आणि नऊवारी हे आपले रूप, ते असावेच. पण बाहेर न दिसणारी कडी तो वर्ग आहे, आणि ती दर पिढीला नव्याने बसवावी लागते. आम्ही एकदा सदतीस वर्षे थांबलेल्याचे फळ पाहिले आहे. म्हणून ह्या ऑगस्टपासून दर दुसऱ्या रविवारी तो वर्ग घेण्यास आम्ही आमचे नाव दिले आहे. आणखी तीन नावे हवी आहेत. सभेनंतर वही दाराशी ठेवलेली आहे.